मारुतीच्या माळेतली अळी

आमच्या मुलाचं लग्न जमत नव्हतं. हे मी चार वर्षं इतक्या जणांना ऐकवलं की शेवटी लोक मला लांबून बघूनच गल्ली बदलायला लागले. मुलगा चांगला आहे. शेतीचंच शिक्षण घेतलेला, सुपारीचंही व्यसन नाही, औसा तालुक्यात स्वतःची पाण्याखालची जमीन, घरावर स्लॅब. पण तो शेती करतो. मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न असतो, "नोकरी कुठं?" आणि त्यावरचं उत्तर ऐकलं की दुसरा प्रश्नच येत नाही.

त्यात आमचं ध्यान खरं बोलतं. एका घरी विचारलं, "पुढंमागं पुण्यात फ्लॅट घेणार का?" हा म्हणाला, "न्हाई." मी मागून चिमटा काढला होता, तरी म्हणाला. 'बघू, विचार चालू हाय' एवढं म्हणायला काय जातं? त्या दिवशी परतताना मी त्याला गाडीत घर येईपर्यंत झापलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होते. निवृत्त झाले तरी तोंड अजून नोकरीवरच आहे.

कुणीतरी सांगितलं, दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घाला, जमेल. मी लगेच सुरू केलं. लग्नासाठी ब्रह्मचाऱ्याला साकडं घालणारी सबंध तालुक्यात मीच असेन. हे म्हणालेही, "ज्यानं सोताचं केलं न्हाई, त्यो तुझ्या पोराचं काय करील?" पण गरजवंताला अक्कल नसते. मी माळा घालत राहिले.

आणि श्रावणात नांदेडहून एक स्थळ आलं. मुलगी प्राणिशास्त्रात एम.एस्सी., वडिलांचं कंधारला किराणा दुकान, मुलगी नांदेडजवळच्या एका फुलपाखरू उद्यानात कामाला. 'उद्यान' वाचून मला खुर्ची, टेबल आणि गुलाबाचे ताटवे दिसले. तिची एकच अट होती. पोह्यांचा कार्यक्रम नको, उद्यानात या, शनिवारी सकाळी, कारण रविवारी गर्दी असते. शेतकरी मुलगा चालेल का, हे विचारलं तेव्हा म्हणे ती म्हणाली, "आधी बघू तर."

मी मुलाला आदल्या दिवशी बसवून तयारी करून घेतली. "फवारणीचं नाव काढायचं न्हाई. विचारलंच तर सेंद्रिय म्हणायचं."

"पण आपण सेंद्रिय करत न्हाई."

"म्हणायला काय जातंय?"

  आम्ही पडलो अळ्या मारणारी माणसं. उंटअळी, बोंडअळी, पानं खाणारी, शेंग पोखरणारी, आमच्या घरात चहाच्या वेळी अळ्यांचीच नावं निघतात. सोयाबीनमध्ये फिरताना ह्यांची नजर नुसती पानाच्या खालच्या बाजूला. आणि आम्ही निघालो होतो अळ्या पाळणाऱ्या मुलीला सून करायला.

मी मात्र निर्धास्त होते, कारण फुलपाखरू हा माझा विषय. अंडी, अळी, कोष, फुलपाखरू. इतकी वर्षं मी हे चक्र रंगीत खडूंनी फळ्यावर काढलं, बाण दाखवले, रिकाम्या जागा भरून घेतल्या. निरीक्षणाला आलेले साहेब माझ्या फळ्याचा फोटो काढून न्यायचे. म्हटलं, मुलीशी बोलायला निदान घरात एक जाणकार माणूस आहे. फुलपाखरं अंगावर बसावीत म्हणून मी फुलाफुलांची पिवळी साडी नेसले, मोठा गजरा माळला आणि अत्तर लावलं.

पहाटे निघायच्या गडबडीत माळ राहिली. म्हटलं, रुईला काय तोटा, रस्त्याच्या कडेला कुठंही मिळते. लातूर गेलं, अहमदपूर गेलं, लोहा गेलं. रस्ता इतका मोठा केलाय की कडेला रुई सोडा, गवताची काडी नाही. मी खिडकीतून बघत होते आणि मनात मारुतीची क्षमा मागत होते. नेमका आजच खाडा, आणि तोही मुलगी बघायच्या दिवशी.

उद्यानाच्या दारात मुलगी उभी होती. ढगळ पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावर टोपी. मी तिच्या मागे मुलीला शोधत होते.

"काकू, पाया पडते, पण हात धुऊन," ती म्हणाली. "सडक्या केळ्यांनी भरलेत."

तिचे वडील ओशाळून म्हणाले, "आमची पोरगी जरा येगळी हाय."

आत जाळीचं मोठं घर होतं. दोन दारं, मध्ये पडदा. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत गेलो आणि खरंच सांगते, मी गप्प झाले. ह्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. सगळीकडे फुलपाखरं, काळी, पिवळी, निळसर, नारिंगी, डोक्यावरून, खांद्याजवळून. मी गजरा नीट केला आणि हात थोडे लांब धरून उभी राहिले, म्हणजे बसायला सोपं जावं. एकही बसलं नाही. ह्यांच्या घामाने भिजलेल्या, दोन दिवस घातलेल्या शर्टाच्या कॉलरवर मात्र एक बसलं, मग दुसरं बसलं. हे पुतळ्यासारखे उभे. चेहऱ्यावर असा भाव की सत्कार चाललाय.

"त्यांना घामातलं मीठ पाहिजे असतंय," मुलगी म्हणाली. "चिखल, शेण, सडलेलं फळ, सगळं लागतं. नुसत्या मधावर भागत न्हाई."

मी वर्गात फुलपाखराला कायम फुलावरच बसवलं होतं. शेणावर बसवलं असतं तर साहेबांनी फोटो काढला नसता.

पण माझं तोंड फार वेळ बंद राहत नाही. "मी शिकवायचे ना हे," मी म्हटलं आणि चारही अवस्था बाणांसकट सांगून टाकल्या. ती शांतपणे ऐकत होती. मग विचारलं, "कोषातून बाहेर येताना बघितलंय का काकू कधी?"

"शेकडो वेळा," मी म्हटलं.

"कुठं?"

"फळ्यावर," असं आमचे चिरंजीव म्हणाले. ती हसली. मला दोघांचाही राग आला.

मग तिने एक मादी दाखवली. पानावर बसायची, पायांनी भराभरा टिचक्या मारायची, उठायची, दुसऱ्या पानावर जायची. "पायानं चव घेतीय. अळीला खाता येईल असंच पान पाहिजे, न्हाई तर अंडं घालत न्हाई. प्रत्येकीचं झाड ठरलेलं." पायाने चव! आमच्या सासूबाईंच्या काळात मी बोट लावून वरण चाखलं तरी दिवसभर ऐकावं लागायचं. मी ते सांगून सगळ्यांना हसवलं आणि मग एकदम लक्षात आलं की मुलगी बघायला आम्ही आलोय असं आम्हीच समजतोय. ती आमच्या मुलाला काहीतरी विचारत होती आणि उत्तर येईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"फवारता का?"

मी खोकले.

"फवारतो," तो म्हणाला. "उंटअळी पडली की फवारावंच लागतंय. बांधावर मात्र मारत न्हाई."

झालं. मी मनात म्हटलं, गाडी काढा. ती दोघं बोलत पुढे गेली, तिचे वडील आणि हे खताच्या भावावर आले, आणि मी एकटी रागाने चालत मागच्या कोपऱ्याकडे गेले. आणि तिथे काय, रुई! एक नाही, ओळीने लावलेली, टवटवीत. मला मारुतीच पावला असं वाटलं. आमच्याकडे रुई कुणी लावत नाही. ती उकिरड्यावर, बांधावर आपली आपण येते, म्हणून ती कुणाची नसते. फूल तोडताना माणूस विचारतो, जास्वंदीच्या मालकिणी तर दारात बसून राखण करतात, पण रुईची पानं तोडायला आजवर कुणी कुणाला विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

देवाला अखंड पान लागतं. भोकं पडलेली पानं मी तोडून बाजूला टाकली, चांगली निवडली. पानांच्या खाली कण्यांसारखे पांढरे ठिपके होते. धूळ असेल म्हणून मी एकेक पान पदराने स्वच्छ पुसलं. एका पानावर पट्ट्यापट्ट्यांची अळी होती, काळी, पिवळी, पांढरी, वर काळी शिंगं. तिला झटकून दिली. माळेपुरती पानं पिशवीत घातली, हाताचा चीक रुमालाला पुसला आणि भक्तिभावाने परत आले.

सगळ्यांत शेवटी मुलीने आम्हाला तिथेच नेलं. "ही माझी आवडती जागा," ती म्हणाली. "ह्या खेपेची अंडी परवाच घातलीत. बाहेरच्या बांधांवर आता रुई राहिली न्हाई, म्हणून मी इथं..." आणि ती थांबली. बोडक्या फांद्यांतून पांढरा चीक गळत होता. खाली भोकांची पानं पडली होती.

ती गुडघ्यावर बसली, एक पान उचललं, उलटं करून बघितलं, ठेवलं. दुसरं उचललं.  तिच्या वडिलांनाच ते सहन होईना. "शेळी शिरली असंल," ते म्हणाले.

आणि मी, जिने वर्गात 'नेहमी खरे बोलावे' रोज फळ्यावर लिहिलं, ती मी म्हणाले, "हाव, शेळीचा काही नेम न्हाई."

हे वर जाळीकडे बघायला लागले. सगळं तिथेच मिटलं असतं.

"शेळी जाळीत कशी येईल?" आमचा मुलगा म्हणाला. "आणि तिनं पानं खुडून बाजूला ठेवली नसती. ही माणसानं तोडलीत." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आई, आज शनिवार हाय."

मी काही म्हणणार तेवढ्यात मुलगी उठून माझ्याकडे आली. "काकू, हलू नका." मी झटकून दिलेली ती अळी माझ्या पदरावरून वर चढत होती. गजऱ्याला आणि अत्तराला जे जमलं नाही ते तिला जमलं होतं. मुलीने एक पान पुढे केलं आणि तिला अलगद उतरवून घेतलं.

मी पिशवी उघडून पानं तिच्या हातात दिली. "पुसलीत मी," मी म्हटलं. माझाच आवाज मला वर्गात चोरी सापडलेल्या पोरासारखा वाटला. "धूळ वाटली."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, मला रागाला उत्तर देता येतं. तिने नुसतं एकेक पान तपासलं. दोन-तीन पानांवर अंडी शिल्लक होती, ती बाजूला घेतली. उरलेली परत पिशवीत घालून मला दिली. "ही रिकामी आहेत. मारुतीची माळ चुकवू नका." मग आत गेली आणि एका बरणीत रुईचा डहाळा आणि ती अळी घालून, वर कापड बांधून घेऊन आली. "ही तुम्ही न्या. इतकी वर्षं शिकवलं ना? एकदा बघा. फुलपाखरू झालं की मला फोन करा."

परतताना मी गाडी हळू चालवायला लावली. बरणी माझ्या मांडीवर होती. मला सगळं स्पष्ट दिसत होतं. ही परीक्षा होती, आणि अळीच्या जिवावर आमच्या मुलाचं लग्न टांगलं होतं. वाटेत मारुतीचं देऊळ लागलं तिथे माळ घातली आणि हात जोडून म्हटलं, सुनेचं नंतर बघ, आधी ही जगव.

मग घरात बाळंतपण सुरू झालं. रोज ताजी रुई. ती हे आणायचे, बांधावरून, धोतराच्या सोग्यात लपवून, कारण लोक विचारायचे, "आता रोजच मारुती का?" अळी दिवसभर चरायची आणि लेंड्या टाकायची. मी बरणी धुवायचे. सून आल्यावर तिला काय काय शिकवायचं हे मी चार वर्षं ठरवत होते, आणि आता ओट्यावर बसून अळीची घाण काढत होते. "जल्मभर मारल्या," हे म्हणायचे, "आता म्हातारपणी पाळून राहिलो." पण शेतातून आले की आधी बरणीत डोकवायचे.

एक दिवस तिने खाणं सोडलं.  मी मुलाला म्हटलं, फोन लाव त्या पोरीला. तो फोन घेऊन गच्चीवर गेला आणि खूप वेळाने खाली आला. "कात टाकतीय. काही न्हाई होत." पुढेही मी काही झालं की त्याला फोन करायला लावायचे आणि तो गच्चीवर जायचा. अळीच्या तब्येतीबद्दल एवढा वेळ काय बोलतात, हा प्रश्न मला पडला नाही. माझं सगळं लक्ष बरणीत होतं.

मग ती बरणीच्या कापडाला उलटी लटकली आणि सकाळी बघते तर कोष. फिकट हिरवा, वर सोन्याचे ठिपके. मी फळ्यावर कोष नेहमी तपकिरी आणि आडवा काढत आले. शेजारणींना बोलावून दाखवला. एकीने नमस्कारच केला. मला त्या कोषाचा इतका अभिमान वाटत होता, जणू सोनं मीच चढवलंय.

तो हिरवाच राहिला नाही. काळपट पडला. मला वाटलं, आता पंख दिसतील. त्याऐवजी कोषातून एक पांढरा धागा लोंबला आणि बरणीच्या तळाशी गव्हाएवढे तांबूस दाणे पडले. मी ते फेकले नाहीत. काय आहे कळत नव्हतं, तरी वाट बघितली. आणि एका सकाळी बरणीत माश्या फिरत होत्या. साध्या, करड्या, जरा केसाळ माश्या. कोष वरती तसाच, पोकळ.

माझ्या चक्रात ही अवस्था नव्हती.

ह्यांनी बरणी उचलून उजेडाला धरली. मग म्हणाले, "बांधावर हायेत की अजून. दुसरी आणू. तिला काय कळतंय?" मला ते पटलं. मी चपला घातल्या, बांधावर गेले, रुईची पानं उलटी करत शोधलं आणि तसलीच, पट्ट्यापट्ट्यांची, एक सापडलीही. हात पुढे केला. पण ती आमची नव्हती. आमच्या अळीने ओट्यावर, माझ्या देखत कात टाकली होती. मी तशीच परत आले आणि या वेळी फोन स्वतः लावला.

"मी काही केलं न्हाई ग," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. साठी उलटलेली बाई, अळीसाठी, फोनवर, आणि तेही जिला सून करायचं तिच्यापुढे. "रोज ताजी पानं दिली. पुसलीसुद्धा न्हाईत. त्यातून माश्या निघाल्या."

"काकू, तुमची चूक न्हाई," ती म्हणाली. "ती माशी अळीच्या अंगावरच अंडी घालती. तिची पिल्लं आतून खात खात मोठी होत्यात. इथं असतानाच झालं असंल. लई जणी अशाच जातात. फुलपाखरू होणाऱ्या थोड्याच."

"मग मला फळ्यावर का न्हाई कुणी सांगितलं?" मी विचारलं. याचं उत्तर तिने द्यावं असं काही कारण नव्हतं. तिने उलट मलाच विचारलं.

"लग्नाचं विचारणार न्हाई का काकू?"

मी खरंच विसरले होते. "आता काय विचारू," मी म्हटलं. "माश्या निघाल्या ना."

"माझा होकार त्याच दिवशी होता. यांना फोनवर सांगितलंय मी. तुमचं लक्ष अळीत आहे, सध्या राहू दे, म्हणाले." मग जरा हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी सगळे शेळी म्हणत होते. तुम्ही, माझे वडीलसुद्धा. शेळी म्हटलं की सगळेच सुटत होते. तरी हे खरं बोलले, आणि तुमच्याकडं बघून किती हळू बोलले. मला तेवढंच बघायचं होतं."

चार वर्षं मी त्याचा तोच गुण घालवायला बघत होते. प्रत्येक घरी जाताना, प्रत्येक घरून येताना. ते मी तिला सांगितलं नाही. सुनेला पहिल्याच दिवशी सगळं सांगायचं नसतं.

फोन ठेवला तेव्हा हे दारात उभे होते. "काय म्हणली?"

"होकार आहे."

"मग रडतीस कशाला?"

"माश्या निघाल्या म्हणून," मी म्हटलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.